सवलतीचे पैसे सरकार देते, मग फेरीचे पैसे कोणी द्यायचे?

बालाघाटकर (प्रश्न)

नमस्कार. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचे गाव आहे आणि तालुक्याचे ठिकाण तेथून तीस किलोमीटरवर आहे. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. माझी मुलगी तालुक्याला अकरावी विज्ञानात शिकते. सकाळी सहाला गावातून निघणारी मुक्कामी गाडी अजून सुरू आहे, पण सायंकाळी साडेपाचला तालुक्याहून सुटणारी फेरी दिवाळीनंतर आधी आठवड्यातून दोन-तीनदा चुकू लागली आणि पुढे कोणतीही सूचना न देता बंद झाली. आता दुपारी तीनची गाडी सुटली की रात्री पावणेआठच्या मुक्कामी गाडीशिवाय परतीची सोय नाही.

याचा परिणाम असा झाला आहे की आमच्या वाटेवरच्या चार गावांतील मुली प्रात्यक्षिकाचे शेवटचे दोन तास सोडून तीनच्या गाडीला येतात. ज्यांना तास सोडणे शक्य नसते त्या फाट्यावर काळीपिवळीची वाट पाहत उभ्या राहतात, आणि ती काळीपिवळी माणसे भरल्याशिवाय हलत नाही. हिवाळ्यात सहा वाजता अंधार पडतो. आमच्या भावकीतील एका घराने याच कारणाने मुलीचे कॉलेज बंद केले. ती मुलगी दहावीला शाळेत पहिली आली होती, हे लिहिताना मला फार जड जाते.

मी आगारात अर्ज घेऊन गेले. तेथील अधिकारी सौजन्याने बोलले, परंतु त्यांचे उत्तर एवढेच होते की त्या फेरीला भारमान, म्हणजे आसनांच्या मानाने पुरेसे प्रवासी, मिळत नाही. मी म्हणाले की गाडीत मुलींना उभे राहावे लागत होते, तेव्हा ते म्हणाले की पासवरची गर्दी उत्पन्नात दिसत नाही. सरकार एस.टी.ला दरवर्षी शेकडो कोटी रुपये देते असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. मग तो पैसा नेमका कशासाठी दिला जातो? एखादी फेरी चालवायची की बंद करायची हे ठरवताना त्या पैशाचा विचार होतो का? आणि आमच्यासारख्या गावाने ‘ही फेरी सरकारच्या खर्चाने चालवा’ अशी मागणी करायची झाल्यास ती कोणाकडे आणि कोणत्या आधारावर करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त वाहतूक नियंत्रक

ताई, मी मराठवाड्यातल्याच दोन विभागांत मिळून एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातील शेवटची बारा वर्षे स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून. तुमचा प्रश्न मी खिडकीच्या आतून अनेकदा ऐकला आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर मला खिडकीतून कधी देता आले नाही, म्हणून येथे थोडे लांबून सांगतो.

एस.टी. महामंडळ हे सरकारचे खाते नव्हे. ते १९५० च्या रस्ता वाहतूक महामंडळ कायद्याखाली स्थापन झाले आहे आणि त्या कायद्याच्या कलम २२ नुसार महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर करावयाचा असतो. दुसऱ्या बाजूने सरकार महामंडळाला सांगते की अमुक प्रवाशांना अर्ध्या भाड्यात न्या, तमुक प्रवाशांना फुकट न्या. या दोन गोष्टींचा मेळ बसावा म्हणून सरकार सवलतीची रक्कम महामंडळाला भरून देते. तिला प्रतिपूर्ती म्हणतात. तुम्ही वर्तमानपत्रात वाचता त्यातला फार मोठा पैसा हाच असतो.

उदाहरण तुमच्याच गावचे घेऊ. सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात, म्हणजे तुमच्या गावापर्यंत पाच टप्पे झाले आणि २५ जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के भाडेवाढीनंतर साध्या गाडीचे भाडे पन्नासएक रुपये होते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे तुम्ही पंचवीस रुपये देता आणि उरलेले पंचवीस सरकारकडून यायचे असतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. त्यांच्या नावाने वाहक मशीनमधून शून्य रुपयाचे तिकीट काढतो आणि त्या तिकिटावर सगळे पन्नास रुपये सरकारने द्यायचे असतात. तिकीट निघाले तर पैसे मागता येतात. तिकीटच निघाले नाही तर सरकारकडे मागायला काही उरत नाही.

माझ्या मते सगळ्या अडचणीचे मूळ येथेच आहे. सरकारचा पैसा तिकिटाच्या मागून चालतो. जेथे दिवसाला चाळीस गाड्या आहेत तेथे सवलतीची तिकिटे भरपूर निघतात आणि पैसाही भरपूर जातो. तुमच्या वाटेवरची साडेपाचची फेरी बंद झाली त्या दिवशी त्या वेळेपुरती तुमच्या चारही गावांची महिला सवलत बंद झाली, ज्येष्ठांची बंद झाली आणि मुलींचा मोफत पास खिशात राहून निकामी झाला, परंतु सरकारच्या हिशेबात एकाही माणसाची सवलत रद्द झालेली दिसत नाही. गाडीच नसलेल्या गावाला सवलत देणे म्हणजे विहीर नसलेल्या शेताला मोटारीचे अनुदान देण्यासारखे आहे.

आता भारमानाविषयी. गाडीच्या क्षमतेच्या मानाने किती प्रवासी किती अंतर गेले यावर भारमान काढतात आणि त्याच्या जोडीला दर किलोमीटरमागे उत्पन्न किती पडले हे पाहतात. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास असतो आणि इतर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलतीचा पास असतो. पासधारकाला प्रत्येक फेरीत तिकीट फाडत नाहीत. मी ज्या आगारांत होतो तेथे वाहकाने पासधारकांची संख्या नोंदवणे अपेक्षित असे, परंतु गाडीत पाय ठेवायला जागा नसताना, पुढचा थांबा येण्याआधी तिकिटे संपवायची घाई असताना आणि मुली दरवाजापर्यंत उभ्या असताना ती नोंद अंदाजाने होत असे किंवा राहून जात असे. दिवसाअखेर वेबिलावर, म्हणजे वाहकाच्या हिशेबपत्रकावर, पन्नास मुलींची गाडी बारा प्रवाशांची दिसे. अधिकाऱ्याने वर्षाने तोच कागद समोर घेऊन फेरी रद्द केली तर त्याला पूर्णपणे दोष देता येत नाही, पण कागद खोटा आहे हे सांगणारे कोणीतरी हवे.

शिवाय एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. तिकिटाच्या उत्पन्नावर महामंडळ सरकारला १७.५ टक्के प्रवासी कर भरते. त्यात डिझेलवरचा राज्याचा कर वेगळाच. म्हणजे सरकार देते त्यातला बराच भाग सरकारकडेच परत जातो आणि महामंडळावर मात्र उपकाराचा शिक्का बसतो.

तुमची फेरी बंद होण्यामागे गाड्यांचा आणि माणसांचा तुटवडा हेही कारण असणार. करोनाच्या काळात आणि नंतर २०२१-२२ च्या दीर्घ संपात ज्या ग्रामीण फेऱ्या थांबल्या त्यांतील कित्येक पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. संपानंतर कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी सरकारने दरमहा निधी द्यायला सुरुवात केली. तो आवश्यकच होता आणि मी स्वतः त्या पगारावर घर चालवलेला माणूस आहे. पण त्या निधीतही अमुक गावाची अमुक फेरी चाललीच पाहिजे असे कोठेही लिहिलेले नसते. प्रवाशाची सवलत आणि नोकराचे वेतन या दोहोंसाठी पैसा आहे. फेरीसाठी मात्र नाही.

हिशेबनीस, लातूर

वरच्या प्रतिसादातील माहिती बरोबर आहे, तरीही मला एक शंका मांडावीशी वाटते. जून २०२५ मध्ये सरकारने एस.टी.च्या आर्थिक स्थितीविषयी जी श्वेतपत्रिका काढली तिच्यात संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. अशा संस्थेला दर फेरीमागे वेगळे पैसे द्यायला सुरुवात केली तर रिकाम्या गाड्या पळवून किलोमीटर दाखवण्याची सवय लागेल, ही भीती मला वाटते. चव्वेचाळीस आसनांची गाडी नऊ माणसांसाठी तीस किलोमीटर नेणे आणि परत आणणे हे डिझेलच्या दृष्टीने कोणालाही परवडणारे नाही, मग तो पैसा प्रवाशाच्या खिशातून जावो की सरकारच्या तिजोरीतून.

बालाघाटकर ताईंच्या मुलींची अडचण मला मान्य आहे. माझ्या दोन बहिणींनी औसा रस्त्यावर उभे राहूनच शिक्षण पूर्ण केले. परंतु उपाय म्हणून लहान गाड्या, फेऱ्यांच्या वेळा शाळा-महाविद्यालयाशी जुळवणे आणि दोन गावांचे मार्ग एकत्र करणे या गोष्टी आधी व्हायला हव्यात. नुसता पैसा ओतल्याने वेळापत्रक सुधारत नाही, हे आपण अनेक वर्षे पाहत आलो आहोत.

निवृत्त वाहतूक नियंत्रक

हिशेबनीस साहेब, तुमची भीती अगदीच निराधार नाही. मात्र आता गाड्यांवर जीपीएस आहे आणि तिकिटे मशीनमधून निघतात. गाडी गावात गेली की फाट्यावरून परतली हे कार्यालयात बसून पाहता येते. फेरीचे पैसे द्यायचे ते गाडी गावात पोहोचल्याची नोंद पाहूनच द्यावेत, आणि फेरी चुकली तर त्या दिवसाचे कापावेत. असे कापणे सुरू झाले तर साडेपाचची गाडी ऐनवेळी लग्नाच्या करारावर पाठवण्याची हिंमत कोणी करणार नाही. तसे होताना मी पाहिले आहे आणि नाइलाजाने त्यावर सहीही केली आहे.

लहान गाड्यांचे म्हणाल तर दुपारच्या फेरीला ते बरोबर आहे. सकाळी सहाच्या आणि सायंकाळी साडेपाचच्या फेरीला लहान गाडी पाठवली तर निम्म्या मुली खाली राहतील.

सीमेवरचा, देगलूर

आमच्या देगलूरहून एका बाजूला तेलंगणातील मदनूर जवळ आहे आणि दुसऱ्या बाजूला कर्नाटकातील औराद. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून आणि तेलंगणाने त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून आपापल्या राज्यातील महिलांना त्यांच्या हद्दीत साध्या गाड्यांतून पूर्ण मोफत प्रवास दिला. येथील अनेक जण ‘आपल्याकडेही पूर्ण मोफत करा’ असे म्हणतात. मला ते पटत नाही. सीमेपलीकडच्या नातेवाइकांकडून मी ऐकतो ते एवढेच की गाड्यांत गर्दी फार वाढली. आडबाजूच्या गावाला नवी फेरी मिळाली असे मात्र कोणी सांगत नाही. अर्धे तिकीट पूर्ण माफ करण्यासाठी जो पैसा लागेल तोच आपण फेऱ्या वाढवण्यास दिला तर बालाघाटकर ताईंच्या गावाला त्याचा उपयोग होईल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

गोदाकाठ

ताईंनी मागणी कोणाकडे आणि कोणत्या आधारावर करावी असे विचारले आहे, आणि त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. मी जिल्हा पातळीवरच्या नियोजनाच्या कामाशी काही वर्षे संबंधित होतो, म्हणून लिहितो.

फेरीसाठी सरकारने पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे नाही असे नियंत्रक काकांनी म्हटले आहे, त्यात एक महत्त्वाचा अपवाद आहे. राज्य सरकारने २००६ मध्ये मानव विकास मिशन सुरू केले, त्याचे मुख्यालय आपल्या छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि पुढे १२५ मागास तालुक्यांत त्याचे काम वाढवण्यात आले. या मिशनमधून मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी प्रत्येक तालुक्याला प्रारंभी पाच आणि पुढे सात गाड्या देण्यात आल्या. निळ्या रंगाच्या ज्या गाड्या आपण ग्रामीण रस्त्यांवर पाहतो त्या याच. गाडी घेण्याचा खर्च सरकारचा, ती चालवण्याचा खर्चही सरकारचा, आणि चालवणारे महामंडळ. किती तिकिटे निघाली यावर त्या गाडीचे अस्तित्व अवलंबून नसते. मुलगी शाळेत पोहोचली पाहिजे, एवढेच तिचे काम असते. नियंत्रक काका म्हणतात ती व्यवस्था म्हणजे हीच, फक्त मुलींपुरती आणि ठरावीक तालुक्यांपुरती मर्यादित. तिचा विस्तार करा अशी मागणी केली तर ‘असे कोठे असते का’ हे उत्तर कोणाला देता येणार नाही.

म्हणून ताईंनी प्रथम आपला तालुका त्या १२५ मध्ये आहे का ते पाहावे. असल्यास अर्ज आगारापुरता ठेवू नये; जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा मानव विकास समिती असते, तिच्याकडे द्यावा आणि निळी गाडी सायंकाळी कोणत्या मार्गावर असते हे लेखी विचारावे. शाळेच्या वेळेत ती गाडी दुसऱ्याच मार्गावर फिरत असल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तालुका यादीत नसेल तर चारही गावांच्या ग्रामसभांचे एकाच मजकुराचे ठराव करून विभाग नियंत्रक आणि जिल्हाधिकारी या दोघांनाही पाठवावेत. त्याआधी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर गेल्या दोन वर्षांचे त्या फेरीचे तारीखवार भारमान, रद्द झालेल्या दिवसांची संख्या आणि पासधारकांची नोंद मागवावी. फेरी अनियमित चालली म्हणून प्रवासी तुटले की प्रवासी तुटले म्हणून फेरी बंद झाली, हे त्या कागदावर तारखांसह दिसते.

हिशेबनीस यांच्या म्हणण्यावर एक विचार मांडतो. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग घ्या. त्याचा निम्मा खर्च राज्य सरकारने उचलला आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली प्रवासी गाडी आली. बीडकरांनी काही पिढ्या या गाडीची वाट पाहिली आणि तो दिवस आम्हा सर्वांच्या आनंदाचा होता. त्या मार्गाला पैसा देताना पहिल्या वर्षी भारमान किती मिळेल असे कोणी विचारले नाही, आणि विचारू नयेच, कारण मागास भागाला जोडणे हे सरकारचे कर्तव्य मानले गेले. मग त्याच बीड जिल्ह्यातील एखाद्या तांड्यापासून स्थानकापर्यंतच्या गाडीला मात्र पहिल्या दिवसापासून नफा-तोट्याचा निकष का लावला जातो? निजामाच्या राजवटीतसुद्धा १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांनिशी जी सरकारी बस सेवा सुरू झाली ती रेल्वे खात्याच्याच अंगाने, म्हणजे रूळ आणि रस्ता हे एकाच व्यवस्थेचे भाग समजून. ती समज आपण का सोडून दिली हे मला कळत नाही.

केंद्राच्या निधीचीही दिशा पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा दहा हजार गाड्यांची आहे आणि ती शहरांसाठी आहे. शहरांना गाड्या मिळाव्यात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु गावोगावी थांबत जाणाऱ्या ग्रामीण बस वाहतुकीसाठी त्या तोडीची एकही केंद्रीय योजना माझ्या पाहण्यात नाही. राज्यातील प्रादेशिक समतोलासाठी घटनेच्या कलम ३७१(२) खाली मराठवाड्याला वैधानिक विकास मंडळ होते. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सिंचनाचा आणि रस्त्यांचा अनुशेष तेथे मोजला जात असे. फेऱ्यांचा अनुशेष मोजावा, कोणत्या गावाला दिवसातून किती वेळा गाडी जाते याची तालुकावार यादी करावी, असे आम्ही काही जणांनी त्या काळी सुचवले होते. रस्ता झाला म्हणजे दळणवळण झाले असे धरून चालण्याची चूक तेव्हा झाली, आणि आज तुमच्या गावाला डांबरी रस्ता आहे पण सायंकाळची गाडी नाही.

हिशेबनीस, लातूर

मानव विकास मिशनच्या गाड्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. गाडी गावात पोहोचल्याच्या नोंदीवरच पैसे देणार असतील आणि ठराविक मुदतीनंतर मार्गाचा फेरविचार होणार असेल, तर माझा विरोध नाही. पासधारकांची नोंद मशीनवरच सक्तीने व्हावी, ही मागणीही ठरावात घालावी असे मी सुचवतो. ती बिनखर्चाची आहे.

बालाघाटकर

सर्वांचे मनापासून आभार. नियंत्रक काकांचा प्रतिसाद मी आमच्या सरपंचांना आणि मुलींच्या दोन शिक्षकांना वाचून दाखवला.

आज सोमवार असल्याने मी स्वतः सकाळी सहाच्या गाडीने तालुक्याला गेले आणि चौथे गाव सुटल्यावर वहीत मोजून लिहिले. गाडीत त्रेपन्न माणसे होती. मोफत पासवर एकोणतीस मुली, सवलतीच्या पासवर आठ मुले, अर्ध्या तिकिटावर मी धरून सात बायका, शून्य तिकिटावर तीन म्हातारी माणसे, आणि पूर्ण भाडे देणारे सहा. वाहक दादांना मी विचारले की पासवाल्यांची संख्या कोठे लिहिता. त्यांनी मशीनकडे पाहिले, मग दरवाजाच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलींकडे पाहिले आणि म्हणाले, “ताई, तुमची वही झाली की मला दाखवा, मी तोच आकडा लिहितो.”

माहितीच्या अधिकाराचा अर्ज आजच दिला आहे. आमचा तालुका मिशनच्या यादीत आहे, हे पंचायत समितीत विचारून कळले. निळ्या गाड्या सायंकाळी कोणत्या मार्गावर असतात याचा अर्ज उद्या जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहे. चार गावांच्या ग्रामसभांसाठी ठरावाचा मजकूर मी आज रात्री लिहून येथे टाकते. गोदाकाठ आणि हिशेबनीस यांनी तो तपासून द्यावा, ही विनंती. सायंकाळची गाडी साडेपाचला मागावी की थोडी उशिरा, हे मुलींना विचारून ठरवते, कारण प्रात्यक्षिक पाच वाजता सुटते आणि कॉलेजपासून स्थानक पायी वीस मिनिटांवर आहे.